विचुंब्याहून पेण, व्हाया क्योतो

‘फेब्रुवारीत कुणी गणपती बघायला जातं का गं?’ रविवारी सकाळी सात वाजता मला सॅक भरताना बघून आईनं विचारलं. पॉइंट होता. पण गेल्या वर्षीचा तो हात मी विसरले नव्हते.

आम्ही विचुंब्यात राहतो. पनवेलच्या अगदी शेजारचं, गाढी नदीच्या काठचं गाव. गाव म्हणायचं ते ग्रामपंचायत आहे म्हणून. बाकी एका खिडकीतून कौलारू घर दिसतं, दुसरीतून नव्या टॉवरचा सांगाडा. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, तेव्हापासून तर कुणीही नवा पाहुणा आला की तो आधी आकाशाकडेच बघतो.

गेल्या गणपतीत मी मोठ्या हौसेनं पेणहून शाडूची मूर्ती आणली. बाइकवर मागे बसून, मांडीवर घेऊन. हायवेवर एक खड्डा आला आणि आशीर्वादाचा हात मनगटापासून निखळला. खंडित मूर्ती बसवायची नाही, हा घरचा नियम. आदल्या संध्याकाळी मिळेल तो गणपती आणला, अर्थातच पीओपीचा. आई काहीच बोलली नाही. ते न बोलणंच जास्त लागलं.

मध्यंतरी एका रात्री मोबाइलवर फुकामी सुएहारू भेटले. जपानी शिल्पकार, जन्म क्योतोमधला, १९४७चा, घरच चिनी मातीच्या धंद्यातलं. हे गृहस्थ पोर्सेलीनची शिल्पं करतात. पाण्याच्या लाटेसारखी किंवा तलवारीच्या पात्यासारखी, फिकट निळसर पांढरी. धार इतकी पातळ की बघतानाच आपण हात मागे घेतो. त्या धारेवरून ग्लेझ ओघळून पातळ होतं आणि तिथे एक पांढरी रेघ उमटते. १९८५मध्ये इटलीतल्या फाएन्झाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचं काम आहे.

मला खिळवलं ते त्यांच्या पद्धतीनं. चाक नाही, हातानं थापणं नाही. पातळ केलेली माती ते दाब देऊन प्लास्टरच्या साच्यात भरतात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, माती आत घट्ट होते. साचा काढायचा, मग घासून घासून धार आणायची, ग्लेझ द्यायचं आणि भट्टीत टाकायचं. पोर्सेलीनला साधारण तेराशे अंश लागतात. तिथे ते आक्रसतं, मऊ पडतं, जराशा चुकीनं वाकतं. ही रिस्क फुकामींनी चाळीसहून जास्त वर्षं घेतली. एकच रंग, जवळपास एकच विषय. आपण दोन वर्षांत तीन जॉब बदलणारी माणसं. मला जरा लाजल्यासारखं झालं.

प्लास्टर, साचा, माती. अरे, हे तर पेणमध्येच चालतं की! म्हणून फेब्रुवारी.

या वेळी बाइक नाही, ट्रेन. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडली. सोमटणे, रसायनी, आपटा, जिते... मुंबई लोकलची सवय असलेल्या माणसाला इथे बसायला जागा मिळते याचंच अप्रूप. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत करतो. पुढचं स्टेशन हमरापूर, मी तिथेच उतरले. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने घराघरांत आहेत. पडवीत, अंगणात, माळ्यावर, जिथे बघाल तिथे रंग न दिलेले गणपती. शेकडो, सगळे एकाच चेहऱ्याचे, आणि अजून एकालाही डोळे नाहीत.

सीझन ऑगस्ट-सप्टेंबरचा, पण काम वर्षभराचं. परदेशी जाणारा माल तर पावसाळ्याच्या कितीतरी आधी निघतो. एका कारखान्यात काका शाडूचा गोळा साच्यात अंगठ्यानं दाबत होते. दोन भाग जोडायचे, सोंड आणि हात वेगळे लावायचे, ओल्या ब्रशनं सांधे मिटवायचे, मग सावलीत वाळवायचं. ही माती गुजरातहून येते. भट्टी नाहीच, त्यामुळे मूर्ती कायम कच्ची, कायम नाजूक. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी, आणि ती अनुभवी हातच करतो.

शेजारच्या शेडमध्ये पीओपी. पातळ कालवून, काथ्या घालून साच्यात ओतायचं, थोड्या वेळात मूर्ती बाहेर. हलकी, स्वस्त, प्रवासाला धट्टीकट्टी. क्योतोमध्ये प्लास्टर मातीला आकार देऊन बाजूला होतं. इथे प्लास्टरच मूर्ती होऊन बसलं.

भांडण याचंच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२०मध्ये पीओपी मूर्तींवर बंदी आणणारी नियमावली काढली. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मधली वर्षं या गावांनी कशी काढली असतील? आम्ही शहरातले ‘इको-फ्रेंडली’ म्हणून मोकळे होतो. इथे एका मूर्तीमागे एका घराचं वर्षाचं गणित असतं.

मी काकांना हाताचा किस्सा सांगितला. ते हसले.

‘ताई, तेव्हाच परत आणायचा होतात. ओली माती लावून रात्रीत बसवून दिला असता. पूजा व्हायच्या आधी तो आमचाच असतो.’

एवढं सोपं होतं? फुकामींच्या शिल्पाला भट्टीत तडा गेला तर ते पुन्हा माती होत नाही. शाडूचं तसं नाही. हात तुटला तर जोडता येतो, आणि दीड दिवसानं घरच्या बादलीत तो गणपती पुन्हा माती होतो. एक कला टिकण्यासाठी जीव काढते, दुसरी विरघळण्यासाठी. मेहनत दोघींचीही तेवढीच.

मी नऊ इंचांची शाडूची मूर्ती बुक केली, पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स दिला. संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच.

‘काय झालं?’

‘बुक केला. ट्रेननं आणणार, मांडीवर.’

‘मी पण येईन,’ आई म्हणाली. ‘तू एकटीनं नको.’

कसं जाल? : पनवेलहून रोह्याच्या दिशेची गाडी घ्या, हमरापूर किंवा पेणला उतरा. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. रस्त्यानं पळस्पे फाटा, कर्नाळा, खारपाडा मार्गे.

काय आणाल? : पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडं. मूर्तीच्या बुकिंगला चतुर्थीची वाट बघू नका. कारखान्यात फोटो काढण्याआधी विचारा, आणि ओल्या मूर्तीला बोट लावू नका, प्लीज!