कंबरेची उसण आणि पाठीला दिलेला झटका

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती गावातल्या पायाळू माणसाची. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण पळते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुठे हाडवैद्य पालथे झोपवून मणके ‘बसवून’ देतो. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण इतकी वर्षे बांधावर हिंडताना पिकाइतकीच कंबरेची गाऱ्हाणी ऐकली, म्हणून हा विषय जाणत्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतला. तोच तुमच्यापुढे ठेवतो.

ही विद्या आपल्या एकट्याची नाही बरे का. अमेरिकेत आयोवा नावाचा मका-सोयाबीनचा मुलूख आहे. तिथल्या डेव्हनपोर्ट शहरात १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थाने हार्वे लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचा बहिरेपणा गेला, असे जाहीर केले. त्यातूनच ‘कायरोप्रॅक्टिक’ हा पंथ निघाला. ग्रीक शब्द, अर्थ हाताने करायचे काम. मणका जागचा सरकतो, शीर दबते आणि बहुतेक सारे रोग त्यातून होतात, असे पामरचे म्हणणे. पुढच्या शास्त्रात ते टिकले नाही.

मग आराम पडतो तो खोटा का? तसेही नाही. आपल्या पाठीत हलणारे मणके २४. दोन मणक्यांमध्ये गादी, आणि मागच्या बाजूला डावी-उजवीकडे लहान लहान सांधे. या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. झटका दिला की सांध्याची दोन टोके क्षणभर लांब होतात, आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. तोच तो ‘कडकन’ आवाज. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. बोटे मोडतानाही हेच होते, म्हणून तर एकदा मोडलेले बोट पंधरा-वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही.

खरी गंमत स्नायूंत आहे. स्नायू किती ताणला, किती वेगाने ताणला, याची खबर मज्जारज्जूला देणारे बारीक जासूद प्रत्येक स्नायूत बसलेले असतात. कंबर दुखावली की आजूबाजूचे स्नायू तिला जपण्यासाठी आखडतात. अडलेला बैल पाय रोवून उभा राहावा तसे. जितके आखडतात तितके दुखते, आणि जितके दुखते तितके आणखी आखडतात. अशा वेळी अचानक झटका मिळाला की त्या जासुदांकडून खबरींचा एकच लोंढा मज्जारज्जूत जातो. त्या गर्दीत दुखण्याची खबर मागे पडते, स्नायूंना आखडण्याचा हुकूम थोडा ढिला होतो आणि माणूस ‘मोकळे वाटले’ म्हणतो. वाटते ते खरेच. पण स्नायूंवरचा हा परिणाम थोड्या वेळाचा असतो. २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकाने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नव्या कंबरदुखीत अशा उपचाराने सहा आठवड्यांपर्यंत माफक आराम दिसला. माफक, हे लक्षात ठेवा. नवी उसण काही न करताही बहुधा काही आठवड्यांत उतरतेच, आणि श्रेय मात्र पायाळूला जाते!

यात कुणाचे बिघडले काय, असे म्हणाल. ऐका. माझ्या जुन्या हलक्यातल्या एका कास्तकाराची कंबर धरली. पायाला मुंग्या, मांड्यांच्या आतली जागा बधिर, लघवी तुंबलेली. घरच्यांनी दोन दिवस पाठीला पाय लावून घेतला, तिसऱ्या दिवशी जिल्ह्याला नेले. गादी फुटून खालच्या शिरांच्या जुडग्यावर दाब आला होता. शस्त्रक्रिया झाली. आज तो चालतो, पण लघवीचा ताबा पुरता आला नाही. अशा दुखण्यात दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

म्हणून पायातला जोर गेला, बसायची जागा बधिर झाली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तर कुणाचाही हात पाठीला लागू देऊ नका. सरळ मोठे रुग्णालय गाठा. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते आणि पाठ दुखते, तर मणक्याचा क्षय असू शकतो. आजीबाईंची हाडे उतारवयात ठिसूळ झालेली असतात. त्यांच्या पाठीवर पाय देणे म्हणजे वाळल्या तुराटीवर पाय देणे. आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून मान कडकन मोडून घेण्याची हौस सोडा. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. क्वचित होते, पण होते.

साध्या उसणीला आठ-आठ दिवस खाटेवर पडू नये, स्नायू आणखी दुबळे होतात. शेक घ्यावा, सोसेल तितके अंगणात फिरावे. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच १६ किलो होतात. तो खालून हिसका देऊन न उचलता ओट्यावर ठेवून पाठीला लावावा. युरियाची गोणी आता ४५ किलोची असली तरी डीएपीची ५० चीच आहे. ती दोघांनी उचलावी, गुडघ्यात वाकून.