हरकत राखून

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्या तळाशी, जुन्या सातबाऱ्यांच्या खाली, एक पावती जपून ठेवलेली आहे. पाझर तलावात गेलेल्या साडेतीन एकरांचे पैसे मिळाल्याची ती पावती. खाली अण्णांची सही आहे, वाकडीतिकडी. वडलांना सहीपुरतंच लिहिता यायचं. सहीच्या शेजारी निळ्या शाईची एक बारीक फुली आहे. सही कुठं करायची ते कळावं म्हणून मारलेली. ती फुली माझी. साल १९८९, मी सातवीत होतो.

सांगोला तालुका म्हणजे माणदेश. माण नदी नकाशावर निळी दिसते, पण आमच्या लहानपणी वर्षातले बरेच महिने ती वाळूचीच असायची. बाजरी, ज्वारी, मटकी आणि खिलार जनावरं, एवढ्यावर संसार. बहात्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला गेली होती. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, त्या कामांवर आई-अण्णा गेले. बंडिंगं झाली, रस्ते झाले, पाझर तलाव झाले. तलाव झाला म्हणजे कुणाची तरी जमीन पाण्याखाली जाणारच. आमची गेली. अण्णांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. "गावाच्या हिरीला पाणी येतंय न्हवं, मग झालं," म्हणायचे.

पैसे घ्यायला आम्ही दोघं कचेरीत गेलो तेव्हा तिथं अशीच चाळीस-पन्नास माणसं. टेबलावरच्या माणसानं कागद पुढं सरकवला. अण्णांनी तो माझ्याकडं दिला. "वाच बघू." मी मोठ्यानं वाचला. सगळ्यांसमोर घडाघडा वाचताना छाती फुगली होती. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, आकडा बरोबर. म्हटलं, "सगळं बरोबर हाय अण्णा, हितं करा सही." आणि फुली मारून दिली. बाहेर आल्यावर अण्णांनी मला भजी खायला घातली. पोरगं शिकलेलं असल्याचा त्यांना अभिमान, मला त्याहून जास्त.

त्याच दिवशी परत येताना सांगोल्याच्या एस.टी. स्टँडवर गर्दीचं एक कोंडाळं दिसलं. अण्णा म्हणाले, "आबा हायेत." आमदार गणपतराव देशमुख. आमच्याकडं त्यांना नुसतं आबा म्हणत. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, कायदा शिकलेले, शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. अठ्ठ्याहत्तरच्या पुलोद सरकारात मंत्री होते. ही सगळी माहिती आमच्या गावातल्या शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ. एवढा माणूस, आणि एस.टी.ची वाट बघत बसलेला. भोवती माणसं कागद घेऊन उभी. मी अण्णांच्या मागून मान उंच करून बघत होतो. त्यांच्याशी बोलायचं धाडस मला तेव्हाही झालं नाही आणि पुढंही कधी नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर आईला सांगितलं, "मी आबांसारखा होणार." आई म्हणाली, "आधी शेळ्यांना पाणी पाज."

आबांसारखा म्हणजे काय, ते काही मला कळत नव्हतं. एस.टी.तनं फिरायचं, लोकांचे कागद वाचायचे, एवढंच डोळ्यांपुढं होतं.

मी दहावीत असताना भावकीतल्या एका तात्यांच्या घरी पेढे वाटले. तलावात गेलेल्या त्यांच्या जमिनीला सोलापूरच्या कोर्टानं वाढीव मोबदला दिला होता. आमचा बांधाला बांध. एकाच तलावात, एकाच वेळी गेलेली जमीन. तात्यांना वाढीव आणि आम्हाला का नाही? तात्यांचे जावई पंढरपुरात एका वकिलाकडं कारकून होते, एवढं समजलं. त्यांनी वेळेवर काहीतरी अर्ज केला होता म्हणे.

आई रोज म्हणायची, "आवं, आबास्नी जाऊन भेटा की." अण्णा "जातो, जातो" म्हणायचे. मग खुरपणी आली, मग काढणी आली, मग बैलाला लाळ्या झाला. खरं कारण वेगळंच होतं. ते एकदा रात्री आईशी बोलताना मी ऐकलं. "आगं, सही करून पैसं उचललं आपुन. आता कुठल्या तोंडानं जायचं? म्हणतील, तवा झोपला हुतास का?" एका रविवारी जनावरांच्या बाजाराला गेल्यावर ते आबांना भेटायला म्हणून निघालेही. तिथली माणसांची रांग बघितली आणि परत आले. "लोकांच्या लई मोठ्या अडचणी हायेत," म्हणाले. तो विषय तिथंच थांबला. आमच्या गावात बऱ्याच घरांतले विषय असेच थांबत. आबा आहेत की, सांगू कधीतरी, या भरवशावर कागद ट्रंकेत पडून राहत.

१९९५ च्या मार्चमध्ये विधानसभेचा निकाल लागला. माझी बारावीची परीक्षा त्याच दिवसांतली. आबा पडले. किती मतांनी? तर १९२. तालुक्यात सुतक पडल्यासारखं झालं. दुसऱ्या बाजूचा गुलाल उधळत होता, त्यांचाही आनंद खराच होता. पण आमच्या घरी त्या रात्री भाकरी तशाच राहिल्या. अण्णा म्हणाले, "आमच्या गल्लीतली दहा माणसं मत द्यायला गेली न्हाईत. येतायत की आबा निवडून, आपल्या एका मतानं काय हुतंय, म्हणली." मी पुस्तक मिटून बसलो होतो. त्या रात्री मनाशी ठरलं, वकील व्हायचं. आबांनीही आधी कायदाच शिकला होता, म्हणजे वाट तीच असणार, असा साधा हिशेब.

आता कुठल्या कॉलेजात, हा प्रश्न. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, हे हायस्कूलच्या सरांनी सांगितलं. त्यांच्याकडं बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचं वर्तमानपत्रातलं कात्रण होतं. तिथली पहिली तुकडी १९८८ ची. देशभरातनं पोरं येतात, प्रवेशपरीक्षा इंग्रजीतनं. सर म्हणाले, "तिथं गेलास तर सुप्रीम कोर्टापर्यंत जाशील." दुसरं नाव पुण्याच्या आय.एल.एस.चं. १९२४ साली निघालेलं कॉलेज, त्याच्यावरनं अख्ख्या रस्त्याला लॉ कॉलेज रोड म्हणतात. मामा पुण्यात एका कारखान्यात होते, त्यांच्याकडं राहायची सोय झाली असती. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज तर १८५५ चं, पण मुंबईत आमचं कुणी नव्हतं. कोल्हापूरला शहाजी लॉ कॉलेज होतं. आणि जवळचं म्हणजे सोलापूर.

मामा पुण्यावर अडून बसले. "सोलापुरात शिकून काय करणार? पुण्यात मोठे वकील बघायला मिळतील. ओळखी होतील. राजकारणात जायचं तर ओळखी लागतात." त्यांचं चुकीचं नव्हतं. मलाही पुणं खुणावत होतंच. टेकडीच्या पायथ्याची ती दगडी इमारत मी मामांबरोबर जाऊन बघून आलो होतो. ग्रंथालय बघून तर पाय निघत नव्हता. परत येताना रात्रभर एस.टी.त जागा होतो.

मग एक दिवस वहीचं पान काढलं आणि दोन्ही कॉलेजांच्या नावाखाली लिहीत गेलो. फी, राहणं, जेवण, पुस्तकं. पुण्याच्या खाली सगळीकडं जास्त चांगलं, सगळीकडं जास्त पैसे. पैशाचं कसंही झालं असतं, अण्णा एक बैल विकायला तयार होते. पण शेवटी एक ओळ अशी लिहिली गेली, जिच्यापुढं मी अडलो. 'इथं शिकलो तर परत येईन का?' पुण्याच्या खाली मला हो लिहिता येईना. गावातली जी चार पोरं पुण्याला गेली होती, ती दिवाळीला येत आणि भाऊबीज झाली की जात. ती वाईट नव्हती. तिकडं त्यांचं आयुष्य उभं राहिलं होतं, एवढंच. माझंही तसंच झालं असतं. मला माझा स्वभाव माहीत होता.

मी सोलापूर घेतलं. मामा सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. सर म्हणाले, "चूक करतोयस," आणि तरी प्रवेशाच्या दिवशी बरोबर आले.

सोलापूरचा एक फायदा मात्र मला आधी सुचलाच नव्हता. सकाळी कॉलेज आणि दुपारी कोर्ट. तिथल्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला फायली उचलायला ठेवून घेतलं. अकलूज, मंगळवेढा, माढा, करमाळा, सगळीकडची माणसं तिथं यायची. धोतर, टोपी आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कागद. जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट एकच, उशीर झाला.

तिसऱ्या वर्षाला १८९४ चा भूसंपादन कायदा वाचायला घेतला. कलम १८, मोबदला मान्य नसेल तर कोर्टाकडं प्रकरण पाठवा म्हणून अर्ज करता येतो. कलम ३१, पण हरकत न नोंदवता पैसे घेतले असतील तर तो अर्ज करता येत नाही. मी ते वाक्य परत वाचलं. पावतीवर, सहीच्या वर, दोन शब्द लिहायला हवे होते. हरकत राखून. बस, एवढंच. सातवीतल्या पोराला लिहिता आले असते असे दोन शब्द.

आणि पुढं कलम २८-अ. १९८४ साली घातलेलं, मुद्दाम अण्णांसारख्यांसाठीच जणू. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टानं वाढवून दिलं, तर ज्यानं आधी अर्ज केला नव्हता त्यालाही तेवढ्याच दरानं मागता येतं. कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत. तात्यांचे पेढे खाल्ले त्या दिवशीही आमचं दार उघडं होतं. आम्ही खुरपणी, काढणी आणि लाज यांत ते तीन महिने घालवले.

त्या शनिवारी गावी गेलो. अण्णा गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, कलमांसकट. शेवटी म्हटलं, "मी फुली मारली नसती तर." अण्णा बराच वेळ बैलाची पाठ खराऱ्यानं घासत राहिले. मग म्हणाले, "आरं, सही म्या केली. तू नुसती जागा दावलीस." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता दुसऱ्यास्नी नीट जागा दाव."

२००० साली सनद मिळाली आणि सांगोल्यात टेबल टाकलं. त्याआधीच, नव्याण्णवच्या निवडणुकीत, आबा परत निवडून आले होते. पुढं २००४, २००९, २०१४. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. मी कधी निवडणुकीला उभा राहिलो नाही. एकदा ग्रामपंचायतीला लोकांनी गळ घातली, पण मला ते जमणारं नाही हे तोवर कळलं होतं. लहानपणी 'आबांसारखा होणार' म्हणालो, ते तसं खोटंच ठरलं.

पण वकिली करताना एक गोष्ट समजत गेली. आमदार रस्ता आणतो, पाण्याची योजना लावून धरतो, सभागृहात भांडतो. कायद्यानं घातलेली मुदत मात्र कुणाच्या शब्दानं थांबत नाही. ती ज्याची त्यानं पाळायची, आणि ती त्याला वेळेवर सांगायला कुणीतरी जवळ लागतं. एवढा मोठा माणूस आमच्या तालुक्यात असल्यामुळं आम्ही थोडे आळशीही झालो होतो. दोष आमचा. आबा स्टँडवर बसलेले असायचे, कागद घेऊन त्यांच्यापर्यंत जायचं काम आमचं होतं. आता मला वाटतं, त्यांच्याकडनं शिकायचं ते एवढंच होतं, की लोकांना गाठता येईल अशा ठिकाणी बसायचं. माझं कॉलेज मी नकळत त्याच हिशेबानं निवडलं.

३० जुलै २०२१ ला आबा सोलापुरात गेले. करोनाचे दिवस, तरी सांगोल्यात माणूस मावत नव्हता. मी कोर्टाच्या कोपऱ्यावर उभा होतो. शेजारी एक म्हातारा रडत होता. त्यानं मला ओळखलं नाही, मीही त्याला ओळखलं नाही. आम्ही दोघं तिथं बराच वेळ उभे राहिलो.

आता जुना कायदा गेला. २०१३ चा नवा आला. शेजाऱ्याच्या निवाड्यावरनं मागायची सोय त्यातही आहे, कलम ७३ मध्ये, आणि मुदत तीच, तीन महिने. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या तालुक्यातनं गेला, तेव्हा तर महामार्गाचा कायदा वेगळा, वाढीव मागायची वाट लवादाकडनं. कायदा कुठलाही असो, टेबलावर कागद आला की मी आधी आकडा बघत नाही, तारीख बघतो.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या, बरोबर नववीतली नात. पोरीनं नोटीस मला घडाघडा वाचून दाखवली. वाचून झाल्यावर आजीकडं बघून हसली. मी तिला माझं पेन दिलं आणि म्हटलं, "बाळ, आजी सही कुठं करणार ते नंतर बघू. आधी वर दोन शब्द लिही. मी सांगतो."