थोडा करंट येतोच

"थोडा करंट येतोच, सर." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं. एसटी थोडी उशिरा येतेच, त्याच चालीवर तो हे बोलला.

गिटारचा अ‍ॅम्प छोटासाच, दहा वॅटचा, आत रिव्हर्ब, डिले, कोरस सगळं भरलेलं. कशेळ्यात रात्री जेवणं उरकल्यावर थोडं वाजवावं आणि शेजारच्या काकूंची झोप मोडू नये, एवढीच अपेक्षा. तो ऐकून घ्यायला कर्जतहून लोकल पकडून मुंबईचं दुकान गाठलं. तिथला पोरगा इतका सुरेख वाजवत होता की त्याच्या हातात खोकं दिलं असतं तरी विकलं गेलं असतं. मी म्हटलं, "सगळे इफेक्ट बंद कर, आणि आपलं बोलणं ऐकू येईल एवढाच आवाज ठेव." त्याचा चेहराच पडला. पण घरी वाजवायचा अ‍ॅम्प असाच तपासायचा असतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं घुमणं, सगळं झाकतो. तो काढला आणि आवाज उतरवला की बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पांचा सूर पार चपटा होतो. लोक मात्र वॅट विचारतात. दहाचे वीस वॅट केले तर फरक पडतो जेमतेम तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. एरिक क्लॅप्टनने 1970 साली 'लैला' रेकॉर्ड केलं ते फेंडरच्या पाच वॅटच्या चॅम्पवर. घरात दहा म्हणजे चैनच.

सेलवर चालतो का, हेही विचारून घेतलं होतं. रोलँडचा मायक्रो क्यूब, बॉसचा कटाना मिनी हे चालतात. मी घेतलेलाही चालतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याला धरबंद नाही, म्हणून विचारलं. उपयोग झाला तो भलत्याच कामी.

पहिल्याच रात्री अनवाणी लादीवर बसलो, तारांना हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. आधी वाटलं, हात अवघडला असेल. चप्पल घातली, झिणझिण्या गेल्या. चप्पल काढली, परत आल्या. टेस्टर आणून केबलच्या जॅकला टेकवला तर आतला दिवा मिणमिणला. अ‍ॅम्पचा पत्रा, गिटारचा ब्रिज, सगळीकडे तेच. मग पिन काढून सेल घातले. एकदम शांत. मुलीला म्हटलं, "तू लांब हो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण व्हा."

सर्व्हिस सेंटरला नेला. त्या माणसाने तो आपल्या काउंटरवरच्या बोर्डाला लावला, जॅकला बोट लावलं, काही झालं नाही. पाठचं झाकणसुद्धा न उघडता कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. मी झिणझिण्यांचं सांगत राहिलो, तेव्हा ते वाक्य आलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हेच जास्त झोंबतं. अ‍ॅम्प खरोखरच धडधाकट होता. अशा अडॅप्टरांत गोंगाट गाळणारे बारीक कपॅसिटर असतात, ते किंचित गळती अर्थिंगच्या वायरीत सोडतात. अर्थिंग असेल तर ती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर जॅकवर, जॅकवरून तारांवर, तारांवरून माणसात. तेव्हा "घरची अर्थिंग बघून घ्या" एवढे चार शब्द त्याने बोलायला काय हरकत होती? गिटारवाल्याला सुरांची अक्कल असते, विजेची असेलच असं नाही. सर्व्हिस सेंटरवाल्याला दोन्हीचे पैसे मिळतात.

शेवटी गावातला वायरमन आला. मीटरपाशी वाकून हसला. "सर, वायर हाय, पण लावलीय कुटं? नुस्ती भिंतीत सोडलीय." घरातल्या सगळ्या बोर्डांच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकींना नीट जोडलेल्या होत्या, फक्त जमिनीला नव्हत्या. म्हणजे उद्या गिझर बिघडला असता तर त्याचा करंट माझ्या गिटारच्या तारांवर आला असता. झिणझिण्या आल्या हे नशीबच म्हणायचं. ज्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर 1922 पासून मुंबईला वीज पुरवतंय, ज्या भागात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने 1942 मध्ये त्याच विजेचे मनोरे पाडले, तिथे घर बांधताना अर्थिंगचा खड्डा म्हणजे फुकटचा खर्च वाटतो. खड्डा खणला, पाइप, कोळसा, मीठ घातलं. खाली कातळ आहे, त्यामुळे उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. सोबत गळती होताच वीज तोडणारी तीस मिलिअँपिअरची ईएलसीबीही बसवली. ती प्रत्येकाने बसवावी, गिटार असो वा नसो.

झिणझिण्या गेल्या, पण 'घूं' असा आवाज थोडा राहिलाच. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की तो थांबतो, म्हणजे तो अ‍ॅम्पचा नाही, सिंगल कॉइल पिकअपचा. ट्यूबलाइटकडे पाठ करून थोडं वळून बसलं की निम्मा होतो. हे मात्र खरोखर 'थोडं येतंच' यातलं.

आणि ज्या रिव्हर्बवर मी दुकानात एवढा खवळलो होतो, तो आता बंद होत नाही. गाद्या-गोधड्यांनी भरलेली खोली आवाज गिळून टाकते; हळू वाजवताना रिव्हर्बशिवाय सूर कोरडाठाक लागतो. म्हणजे तो पोरगा बरोबर होता का? नाही. त्याने तीन इफेक्ट एकदम लावले होते. कोरसला तर मी अजून हात लावलेला नाही.

हल्ली ओळखीतली पोरं विचारतात, काका, कुठला अ‍ॅम्प घेऊ? मी म्हणतो, आधी अर्थिंग तपास. ती "हो काका" म्हणतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात.