न पाहिलेला हात

‘‘हातमोजे? अगं, बाळ कुणाला झालं?’’ पुण्याहून फोनवर आईने पहिला प्रश्न हाच विचारला.

तिचं चुकलं नव्हतं. बाळंतविड्यात कुंची, टोपडं, झबली यांच्यासोबत दोन इवल्या पिशव्याही असतात. बाळाने नखांनी गाल ओरबाडून घेऊ नयेत म्हणून हातांत अडकवायच्या, ना बोटं ना अंगठा. लोकरीच्या हातमोज्यांशी पुण्यातल्या घराचा संबंध साधारण तेवढाच. लेक राहते मिनियापोलिसला, जिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या वाचनालयात महिन्यातून दोनदा जमणाऱ्या विणकरणींनी यंदा मिटनांची अदलाबदल ठरवली होती. मिटन म्हणजे चार बोटांना मिळून एक खोली आणि अंगठ्याला वेगळी. बोटं एकमेकींना चिकटून ऊब वाटून घेतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत पाच बोटांच्या मोज्यापेक्षा मिटन सरस. इथवर आईला पटलं. पुढचं पटेना. ‘‘म्हणजे तू एकीला द्यायचे आणि तिसरीच कुणी तुला देणार? त्यापेक्षा आपापलेच विणा की!’’

तेव्हा लेकीला उत्तर सुचलं नाही.

नोव्हेंबरात चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. चिठ्ठीवर नाव नव्हतं, फक्त माहिती होती : अंगठा सोडून तळहाताचा घेर १९ सेंटीमीटर, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८. मोहेरच्या लोकरीने खाज सुटते. जांभळा नको. रोज पहाटे कुत्र्याला फिरवायला नेते. एवढ्या ऐवजावर जानेवारीअखेर जोड तयार करायचा. गटात चौदा जणी होत्या, म्हणजे तिचा सोडून तेरा हात. पुढच्या बैठकीला ती वीण कमी आणि इतरांचे हातच जास्त बघत बसली. कोणाची बोटं लांब, कोणाचं मनगट बारीक, चहाचा कप कोण कसं धरतं. कुत्रा कोणाकडे आहे हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की बिंग फुटलं.

तिने नमुना निवडला सेल्बूचा. सेल्बू हे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळचं गाव. मारित एम्स्टाड नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने १८५७ मध्ये तिथे आठ पाकळ्यांचं फूल दोन रंगांत मोज्यांवर विणलं आणि बहिणींसह ते मोजे घालून ती चर्चला गेली. पाहणाऱ्यांनी घरी जाऊन सुया हातात घेतल्या असणार, कारण पुढे त्या फुलावर अख्ख्या गावाचा जोडधंदा उभा राहिला. आज सेल्बूच्या नगरचिन्हावर तीच तीन फुलं आहेत. सिंह नाही, तलवार नाही, मोज्यावरची नक्षी! तिथल्या लग्नांत पाहुण्यांना हातमोजे द्यायची चाल होती. बाल्टिक किनाऱ्यावरच्या लाटवियात तर नवरीच्या पेटीत मिटनांचे ढीग असत. सासरच्या माणसांना, वऱ्हाडाला ती ते वाटायची. आपल्याकडे रुखवतात मांडलेल्या भरतकामावरून मुलीचा हात जोखतात, तशी तिकडे नवरीची पारख मिटनांवरून होई. ही चाल अगदीच इतिहासजमा झालेली नाही. २००६ च्या नोव्हेंबरात रिगामध्ये नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांसाठी लाटवियातल्या विणकरणींनी साडेचार हजार जोड विणले.

(मिटन म्हटलं की अमेरिकेत हल्ली कोणीतरी सिनेटर बर्नी सँडर्सांचा विषय काढतंच. २० जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला ते खुर्चीत आखडून बसले होते आणि त्यांचे तपकिरी मोजे जगभर गाजले. व्हरमाँटमधल्या जेन एलिस या शिक्षिकेने ते जुने लोकरी स्वेटर कापून शिवलेले होते. शिवलेले, विणलेले नव्हेत. विणकरणी हे प्रत्येक वेळी न चुकता सांगतात.)

सेल्बूच्या मिटनला पाच सुया लागतात. चार सुयांवर टाके आणि पाचवी विणायला. अडीच मिलिमीटरची सुई, फेरीला साठ टाके, एका हातात पांढरा धागा, दुसऱ्यात काळा. सगळी वीण सुलट, उलट टाका जवळजवळ नाहीच. ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून धावत असतो आणि कसब त्याच्यावरच लागतं. ओढला तर फूल आक्रसतं. सैल सोडला तर मोजा घालताना बोट त्याच्यात अडकतं. अंगठ्याच्या बुडाशी टाके वाढवत कळी घालायची, सदऱ्याच्या काखेत शिंपी घालतो तशी. लाटवियाच्या पद्धतीत पुष्कळदा ही कळी नसते. अंगठ्याच्या जागचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विणून ठेवतात आणि मोजा पुढे चालू राहतो. मागाहून तो दोरा उपसला की दोन्हीकडचे टाके मोकळे होतात आणि त्यांच्यावर अंगठा उभा राहतो. दोरा उपसताना अजूनही तिच्या पोटात गोळा येतो, म्हणून ती कळीवाली.

डावा मोजा डिसेंबरात झाला. संध्याकाळी दिवा लावून, गाणी ऐकत, तीन आठवड्यांत. उजवा जानेवारीत सुरू झाला तेव्हा कचेरीत कामाचा डोंगर होता, तारीख जवळ येत होती, आणि ती मीटिंगा ऐकता ऐकता विणत होती. टाके तेच साठ, लोकर तीच, सुई तीच. फूल पुरं झाल्यावर दोन्ही मोजे शेजारी ठेवले तर उजवा धाकट्या भावाचा वाटावा! मोजून पाहिलं. डाव्यात दहा सेंटीमीटरला तीस टाके, उजव्यात तेहतीस. म्हणजे एकाचा घेर वीस सेंटीमीटर, दुसऱ्याचा अठराहून जेमतेम जास्त. आणि तो हात एकोणीसचा.

साधी एकरंगी वीण ओली करून, ताणून वाळवली तर थोडी वाढते. दुरंगी वीण ऐकत नाही, मागचे धावते धागे तिला धरून ठेवतात. स्वतःसाठी असता तर तिने तो तसाच वापरला असता. तिच्या कपाटात असे भावंडी जोड तीन आहेत, आणि हिवाळा त्यांच्यावर निघतो. पण पहाटेच्या अंधारात कुत्र्याचा पट्टा धरलेला तो न पाहिलेला उजवा हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिने सुया काढल्या, धागा ओढला आणि अकरा रात्रींचं काम दहा मिनिटांत उसवलं. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. तिची लड बांधून, धुऊन, वजन लावून वाळवली आणि पुन्हा टाके घातले, या वेळी पाव मिलिमीटर मोठ्या सुईवर, पावणेतीन मिलिमीटरच्या. हात घट्ट असेल तर हाताला उपदेश करून उपयोग नसतो, सुई बदलावी.

हे सगळं तिने आईला सांगितलं. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे फराळाची ताटं की गं! सगळ्यांच्या घरी चकली झालेलीच असते, तरी ताट जातंच. आणि तुटकी चकली आपण घरी खातो, ताटात घालत नाही.’’

तयार जोडासोबत धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी घालायला ती विसरली नाही. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि वीण आटून नमदा होतो. यंत्रात धुता येणाऱ्या लोकरीचे खवले आधीच काढलेले किंवा झाकलेले असतात, पण सेल्बूला तसली गुळगुळीत लोकर तिला आवडत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कोळ्यांच्या घरी तर हे आटणं मुद्दाम घडवून आणत. मोजा हाताच्या मानाने अवाढव्य विणायचा आणि मग आटवून घट्ट, वारा न शिरणारा करायचा. आइसलंडच्या कोळ्यांचे मोजे आणखी न्यारे, त्यांना दोन अंगठे. वल्ही मारून तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा. दुसरा अंगठा तयारच!

जानेवारीच्या शेवटच्या बैठकीला पुडकी उघडली. तिचा जोड गेला ग्रंथपालबाईंकडे. त्यांच्याकडे कुत्रा असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी मोजे चढवले, मुठी दोनदा मिटल्या-उघडल्या आणि संध्याकाळभर काढले नाहीत. चहासुद्धा तसाच घेतला.

तिच्या वाट्याला आले मोहरी रंगाचे, जाड लोकरीचे, आतून न कातलेल्या लोकरीचे पुंजके लावलेले. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडकडची ही पद्धत. हात घातला की कोंबडीच्या पंखाखाली शिरल्यासारखं वाटतं. विणणारी होती गटातली सगळ्यांत नवी मुलगी, आणि मिटनांचा हा तिचा पहिलाच जोड. एकच गोष्ट : दोन्ही अंगठे अर्ध्या पेराने आखूड. बैठकीत ती अवाक्षर बोलली नाही. पण आठवडाभर बसथांब्यावर अंगठ्याचं टोक ठणकत राहिलं.

भेट आलेली वस्तू उसवावी का? आणलेल्या भाजीत पाहुण्यांदेखत मीठ घालण्यासारखं ते तिला वाटत होतं. तरी एका रात्री तिने अंगठ्याच्या शेंड्याला ओवून आवळलेला धागा सोडला, घटवलेल्या फेऱ्या उसवल्या, टाके सुयांवर घेतले आणि चार फेऱ्या वाढवून शेंडा पुन्हा घातला. मोहरी लोकर घरात नव्हती. उसवण्यातून उरलेली काळी होती. दोन्ही अंगठ्यांना काळी टोपी आली.

पुढच्या बैठकीला मोजे पिशवीतच ठेवायचे असं तिने ठरवलं होतं. पण बाहेर वारा होता, ती घालूनच आत आली आणि ती मुलगी दारातच भेटली. मुलीची नजर अंगठ्यावर गेली. तिने हात पुढे केला. हिने मुकाट्याने एक मोजा काढून दिला. मुलगी काही बोलली नाही. खिडकीच्या उजेडाशी जाऊन तिने अंगठा आधी आतून उलटा केला आणि काळ्या फेऱ्यांचे टाके नखाने एकेक करून मोजू लागली.