भोपळ्याचा आवाज

भोपळा म्हटला की तुमच्या-माझ्या घरात काय आठवते? भाजी, फार तर दुधीचा हलवा. आणि मुलाने परीक्षेत आणला तर त्याच्या बापाचा चढलेला आवाज! पण वाचकहो, ह्याच भोपळ्याने आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचे डोंगर पिढ्यान्पिढ्या नाचते ठेवले आहेत. सुरगाणा, पेठ, हरसूल ह्या भागात तुमचे जाणे-येणे असेल तर मी कशाविषयी बोलते आहे ते तुम्ही ओळखले असेल. पावरी आणि तारपा.

मी काही गाण्यातली जाणकार नव्हे. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि छाटणीपासून काढणीपर्यंत सुरगाण्याकडची एक टोळी आमच्याकडे कामाला असते. टोळीत एक वयस्क गृहस्थ आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा भांड्याकुंड्यांच्या गाठोड्याबरोबर जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांबोडकी वस्तू त्यांनी आणली होती आणि ती झोपडीच्या आढ्याला सगळ्यांत आधी टांगली. भाकरीच्या पिठाचा डबा मागाहून!

ती त्यांची पावरी. मी एकदा हातात घेऊन नीट पाहिली. मध्ये वाळलेला, पोखरलेला भोपळा. त्याला वरच्या अंगाला फुंकायचे भोक. खालच्या अंगाने बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी आत गेलेल्या. भोपळ्यात दडलेल्या नळ्यांच्या टोकांना बांबूचीच कापलेली पातळ जीभ असते, तीच खरी बोलते. नळ्यांना बोटांची भोके आणि शेवटी कर्णा, म्हणजे आवाज बाहेर फेकणारे तोंड. सांधे सगळे मधाच्या पोळ्याच्या मेणाने बुजवलेले. खिळा नाही, स्क्रू नाही. सूर उतरला की मामा जिभेवर मेणाचा कण ठेवतात, चढवायचा असला की काढून घेतात. तारपाही ह्याच घराण्यातला, पण त्याचा कर्णा ताडाच्या पानांचा वळलेला असतो आणि तो माणसापेक्षाही लांब करता येतो. सुरगाण्याकडच्या आणि डांगातल्या कोकणा लोकांची पावरी, जव्हार-मोखाड्याकडच्या वारल्यांचा तारपा, असे ढोबळ मानाने समजा. वारली चित्रांत नाचणाऱ्या माणसांचा वळत गेलेला वेटोळा आणि मध्ये वाजवणारा तुम्ही पाहिला असेल. जिव्या सोमा म्हसे ह्यांनी ती चित्रे जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि 2026 च्या प्रजासत्ताकदिनी जव्हारकडच्या भिकल्या लाडक्या धिंडा ह्या नव्वदीच्या घरातल्या तारपावादकाचे नाव पद्मश्रीच्या यादीत आले, म्हणजे चित्रातला तो मधला माणूसही अखेर सरकारला दिसला म्हणायचा!

वाजवण्यातली खरी करामत मात्र फुंकरीत आहे. पावरीचा सूर मध्ये तुटत नाही. मग वाजवणारा श्वास केव्हा घेतो? मी मामांना विचारले तेव्हा ते गाल फुगवून हसले. गालांत हवा साठवायची, ती गालांनी ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकाने नवी ओढून घ्यायची. मी पाण्याच्या पेल्यात पपईच्या पानाचा देठ घालून बुडबुडे न थांबवता फुंकून पाहिले. दहाव्या बुडबुड्याला ठसका लागला. तुम्हीही करून पाहा, म्हणजे रात्रभर वाजवणाऱ्याच्या छातीची किंमत कळेल.

हे रानटी माणसांचे वाद्य, असे आमच्या एका शिकलेल्या पाहुण्यांनी म्हटले होते. त्यांना सांगायला हवे होते की चीनच्या युन्नान प्रांतात हुलुसी नावाचे वाद्य आहे, त्यातही भोपळा आणि बांबूच्या नळ्याच आहेत, आणि ते लोक ते शहरातल्या रंगमंचावर दिमाखात वाजवतात. जर्मनीतल्या होले फेल्स नावाच्या गुहेत 2008 साली गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. ती पस्तीस हजार वर्षांहून जुनी आहे. पेरणी म्हणजे काय हे माणसाला ठाऊक नव्हते तेव्हाही तो हाडाला भोके पाडून वाजवत बसला होता!

मामांच्या वस्तीवरचे दुसरे वाद्य तर ह्याहून नवलाचे. काशाची साधी थाळी. तिच्या मधोमध मेणाचा गोळा बसवून त्यात एक लांब गुळगुळीत काडी उभी रोवायची आणि ती चिमटीत धरून बोटे वरून खाली ओढत न्यायची. थाळी घुमू लागते. भुंगा खोलीत अडकावा तसा तो आवाज. त्या आवाजावर थाळकर रात्ररात्र कथा सांगतो. कणसरीची कथाही सांगतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी, कणसातली लक्ष्मी. तुम्ही-आम्ही धान्य क्विंटलात मोजतो. तिकडे तिची जन्मकथा ऐकायला लोक बसतात, आणि ज्या थाळीत एरवी भात वाढायचा तीच वाजते.

आता जरा अडचणीचे बोलते. पावरीचा खरा मान डोंगऱ्या देवाच्या उत्सवात. तो येतो मार्गशीर्षात, पौर्णिमेला म्हणजे आपल्या दत्तजयंतीला त्याचा शेवट. आणि बागाईतदार भगिनींनो, आपल्या बागेत तेव्हा काय चाललेले असते? डिपिंग, विरळणी. घडातले जादा मणी कात्रीने काढायला एकेक हात मोलाचा. नेमके तेव्हाच व्रत धरलेली माणसे गावी निघतात, आणि पावरकर नसेल तर उत्सव उभाच राहत नाही. चार वर्षांपूर्वी मामांनी आठ दिवस आधी सांगितले, "वहिनी, आम्हाला जावं लागंल." आमचे हे कपाळाला हात लावून बसले. दीड एकराचा एक प्लॉट नेमका विरळणीला आलेला. शेजारच्या एका बागाईतदाराने सल्ला दिला की उचल परत मागा, म्हणजे आपोआप थांबतील. उचल घेतलेला माणूस परत कुठून देणार? सल्ला बरोबर होता, म्हणूनच मला तो आवडला नाही.

घरात दोन रात्री ह्यावर बोलणे झाले. सासूबाई म्हणाल्या, "आपली माणसं आषाढीला निघतात तेव्हा कोणी उचल मागतं का?" ह्यांनी उत्तर दिले नाही, सकाळी टोळीला गाडीभाडे दिले. त्या वर्षी त्या प्लॉटचे घड दाटले आणि तो माल निर्यातीत बसला नाही, स्थानिक बाजारात गेला. नुकसान झाले ते झालेच. गोड बोलून मी ते लपवणार नाही. तेव्हापासून आम्ही दोन प्लॉटांच्या छाटण्या दत्तजयंती पाहून मागे-पुढे धरतो, म्हणजे तो आठवडा हलका जातो. अगदी जमतेच असे नाही, पावसाने एकदा सगळे गणित फिसकटवले.

त्या वर्षी मीही एक रात्र मामांच्या पाड्यावर जाऊन आले. थंडी अशी की गोधडीतून हात काढवेना. मामांनी मध्ये उभे राहून पावरी तोंडाला लावली आणि माणसे एकमेकांना धरून तिच्याभोवती फिरू लागली. सूर बदलला की पाय बदलतात, कोणी हुकूम देत नाही. आमच्या बागेत दिवसभर मान वर न करणारा माणूस इथे मान वर करून उभा होता आणि साठ-सत्तर माणसे त्याच्या फुंकरीवर चालत होती. मी त्यांना एरवी "मामा, त्या ओळीत पाणी कमी पडलंय" असे सांगते, ते आठवून जरा गंमत वाटली.

मामांचा नातू पावरी वाजवत नाही. तो कॅसिओ वाजवतो, लग्नात. पावरीच्याच चाली त्यावर काढतो आणि मांडवात पोरे बेभान नाचतात. मामा त्याला नावे ठेवत नाहीत, तेव्हा मी का ठेवू? आपल्या लग्नांत वाजणारा बेंजो तरी कुठे इथला? जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता ह्यांनी 1912 साली टंकलेखन यंत्राच्या कळा पाहून ताइशोगोतो नावाचे वाद्य केले, तेच फिरत फिरत आपल्याकडे आले आणि आपले झाले. तंबोऱ्याची जागाही आता डबीएवढ्या यंत्राने घेतली आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण ह्यांनी 1979 च्या सुमारास ते केले, आणि आता तर तंबोरा मोबाइलमध्येच असतो. फक्त एक आहे. कॅसिओ बिघडला तर दुरुस्तीला नाशिक गाठावे लागते. पावरी बिघडली तर मेण लागते.

आणि भोपळा लागतो! इथेच खरी गोम आहे. मामा म्हणाले, वाजवणारे अजून दोन-चार मिळतील, पण जाड सालीचा, नीट बैठकीचा भोपळा मिळेनासा झालाय. बाजारातल्या सुधारित दुधीची साल पातळ, तो वाळला की पिचतो. ही तक्रार एकट्या मामांची नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांचे मोठाले भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्यांनी पिकवले तरच कारागिरांचे हात चालतात. म्हणजे बंधू-भगिनींनो, मैफलीची सुरुवात आपल्याच बांधावर होते.

मामांनी दिलेले बी मी दोन वर्षे कुंपणाला लावते आहे. तुम्हाला असे बी मिळाले तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मृगात लावा, पण खायच्या दुधीपासून लांब. फुले रात्री उमलतात, किडे परागांची सरमिसळ करतात, आणि दुधीचे बी घरचे धरलेत तर पुढल्या वर्षी भाजी कडू निघायची. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. वेलावर फळे थोडीच ठेवा. बुडाखाली वाळलेले गवत घाला, नाहीतर ते सडते. देठ पार वाळून काळपट होईपर्यंत तोडायची घाई नको. मग सावलीत टांगा आणि महिना-दोन महिने विसरा. हलवल्यावर आत बी खुळखुळले की झाले.

यंदा माझे पाच उतरले. मामांनी एकेक कानाशी धरून टिचकी मारली, तीन बाजूला ठेवले आणि म्हणाले, "ह्ये पाण्याला बरे." उरलेले दोन नातवाच्या हातात दिले. तो ते मोटारसायकलच्या हँडलला बांधून सुरगाण्याला घेऊन गेला आहे.