साडेचार किलोमीटरचा रस्ता

तीर्थयात्रांमुळे देशादेशांत मैत्री होते, असं कुणी भाषणात म्हणालं की मला हसू येतं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! पण मग कर्तारपूर आठवतं आणि हसू आवरतं घ्यावं लागतं.

गुरू नानकांनी अखेरची वर्षं तिथे शेती करत काढली. १९४७ मध्ये गाव पाकिस्तानात गेलं, सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटर. अलीकडच्या डेरा बाबा नानकहून लोक दुर्बिणीतून दर्शन घ्यायचे. ९ नोव्हेंबर २०१९ ला तिथवर रस्ता खुला झाला. व्हिसा नको; पासपोर्ट, आधी नोंदणी, २० डॉलर शुल्क, आणि संध्याकाळी परत. विशेष म्हणजे पुलवामा आणि बालाकोट त्याच वर्षीचं!

जानेवारी २०२२ मध्ये तर फाळणीत ताटातूट झालेले दोन सख्खे भाऊ तिथेच एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ७४ वर्षांनी! कुठल्या शिखर परिषदेत हे जमलं असतं, सांगा.

माझं माहेर नांदेडचं. गुरू गोविंदसिंगांचं अखेरचं स्थान आमच्या गावात आणि आमच्या नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात. त्यामुळे शेजारच्या बीजी आम्हाला कधी परक्या वाटल्याच नाहीत. त्यांनी खास कर्तारपूरसाठी पासपोर्ट काढला. मार्च २०२० मध्ये कोरोनाने रस्ता बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडला, तर बीजींचे गुडघे आडवे आले. मग 'पुढच्या वर्षी' करता करता मे २०२५ उजाडला. पहलगामच्या हल्ल्यानंतर लष्करी संघर्ष पेटला आणि भारताने आपल्या बाजूने रस्ता बंद केला. करार आदल्याच वर्षी पाच वर्षांसाठी वाढवलेला होता.

यात्रेने युद्ध थांबत नाही, हे खरंच. सुरक्षेची काळजीही खोटी नाही. पण शत्रूच्या देशात लंगरच्या पंगतीत बसून जेवून आलेल्या माणसाला 'तिकडचे सगळे तसलेच' हे पटवणं जरा अवघड जातं. अशा यात्रेची कमाई एवढीच, आणि ती काही थोडी नाही. म्हणून वाटतं, भांडणात हे दार सर्वांत शेवटी लागावं आणि सर्वांत आधी उघडावं.

बीजींना फोनवर विचारलं, वाईट वाटत असेल ना? म्हणाल्या, "बेटा, रस्ता तर बनलाय ना? तो कोण उचलून नेणार?"

पासपोर्टची मुदत संपायच्या आत नवा काढणार आहेत म्हणे.