सिग्नलचा हात

सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास कांहींतरी छंद असावा, असें आम्ही पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून निबंधांत लिहवून घेत आलों. स्वतःवर तशी वेळ आली तेव्हां मात्र आमचा छंद पाहून घरांतील मंडळींनीं कपाळास हात लावला. खामगांवांतील एका भंगारवाल्याकडे, लिलावांतून आलेल्या लोखंडाच्या ढिगांत, रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा हात, त्याची कांचांची चौकट आणि रॉकेलचा दिवा आमच्या दृष्टीस पडला. आणि घासाघीस करून तें सर्व आम्हीं हातगाडीवरून घरीं आणलें. “अहो, हें ठेवायचें कुठें?” एवढेंच सौ. म्हणाल्या, पण त्या एवढ्यांत सर्व कांहीं आलें.

आमच्या गांवास आगगाडीचा लळा जुनाच आहे. येथील कापसाच्या बाजारासाठीं जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांचा फांटा घालण्यांत आला, आणि १८७० सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तो खुला झाला. आम्ही लहान असतांना ‘सिग्नल पडला’ असें कोणीं म्हटलें कीं गाडी येणार हें पोरासोरांसही कळे. हात आडवा असेल तर थांबा, खालीं झुकला तर या, एवढीच त्याची भाषा होती.

तो हात खरवडण्यांत आमचा सबंध एक महिना गेला. गंज निघाला, तांबडा रंग व टोंकाजवळचा पांढरा पट्टा पुनः चढला, आणि एका लोहारानें खिळ बसलेला आंस मोकळा करून दिला. तेव्हां या यंत्रांतील एक मर्म आमच्या ध्यानांत आलें. दूरच्या खोलींतून तार ओढली कीं हात खालीं येतो. पण तार तुटली, तर भाराच्या योगानें तो आपोआप आडवा होतो. अर्थात् बिघाड झाला तरी गाडीस ‘ये’ असें खोटें सांगितलें जात नाहीं, ‘थांब’ असेंच सांगितलें जातें.

दुसरें मर्म कांचेचें. चौकटींतील दोहोंपैकीं तांबडी कांच शाबूत होती. दुसरी तडकलेली व निळसर होती. ‘हिरवी कांच पाहिजे, ही निळी कोणी बसविली?’ म्हणून आम्ही चिडलों. परंतु वात पेटवून तो तुकडा ज्योतीपुढें धरतांच स्वच्छ हिरवा प्रकाश पडला! रॉकेलची ज्योत मुळांत पिवळी. पिवळ्यापुढें निळसर कांच आली म्हणजे डोळ्यांस हिरवें दिसतें. जुन्या कारागिरांनीं ज्योतीचा हिशेब कांचेंतच करून ठेवला होता.

चौरस्त्यावरचे आजचे दिवे हें या हाताचेंच अपत्य होय. लंडनमध्यें पार्लमेंटजवळ १८६८ च्या डिसेंबरांत रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला, तो नाइट नांवाच्या रेल्वेच्याच इंजिनियराच्या कल्पनेनें. दिवसा हात आणि रात्रीं वायूचा तांबडा-हिरवा दिवा, अशी ती योजना होती. पुढच्याच महिन्यांत त्यांतील वायूचा स्फोट होऊन पोलिसास इजा झाली, आणि तो प्रयोग मागें पडला. विजेचा सिग्नल अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९१४ सालीं आला, आणि तीन रंगांचा दिवा डेट्रॉइट शहरांत १९२० सालीं.

असो. दिवाळीच्या सुट्टींत आमची कन्या मुलाबाळांसह आली. तिचा थोरला मुलगा पंधरा वर्षांचा. आगगाडीचा चालक व्हावयाचें, हें त्याचें लहानपणापासूनचें ब्रीद. अंगणांत खांब उभा करून आम्हीं नातवंडांचा खेळ मांडला. उजेड होता तोंपर्यंत हा नातू सर्वांच्या आधीं उत्तर देई. अंधार पडला, हात दिसेनासा झाला, नुसता दिवा उरला. आणि तो चुकूं लागला. दोन वेळां हिरव्यास त्यानें तांबडा म्हटलें. लहान भावंडें हसलीं. आम्हीं मास्तरी आवाजांत सांगितलें, “थट्टा पुरे!”

तो खालीं पाहून म्हणाला, “आजोबा, थट्टा नाहीं. एक उजळ दिसतो, एक मळका दिसतो. रंग मी अंदाजानें सांगतों.”

ओटीवर बसलेल्या सौ. एकदम म्हणाल्या, “अण्णासुद्धां अगदीं असेंच म्हणायचा.”

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले बंधु. सुमारें पंचेचाळीस वर्षांपूर्वीं रेल्वेच्या नोकरीची लेखी परीक्षा उतरून ते डोळ्यांच्या तपासणींत परत आले होते. ‘ठिपक्यांत आंकडे होते, मला दिसले नाहींत,’ असें ते सांगत. आणि घरांतील कोणाचाही त्यावर विश्वास बसेना. पुढें आमचें लग्न झालें, आणि नवा जांवई व त्यांतून शिक्षक म्हणून आम्हींही त्यांस एकाग्रतेवर तासभर उपदेश ऐकविला. त्यांनीं तो मुकाट्यानें ऐकला. नंतर ते मलकापुरास कापडाच्या दुकानांत राहिले. पण गादीवर बसून गिऱ्हाइकास लुगडें कधीं दाखविलें नाहीं, जन्मभर मागें बसून हिशेब लिहिले. याचें कारण आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीं नातवास तीच ठिपक्यांचीं चित्रें दाखविलीं आणि निदान केलें. हा दोष बहुधा आईच्या वाटेनें मुलाकडे येतो. आईस स्वतःस तो सहसा नसतो. पुरुषांत तो पुष्कळ, स्त्रियांत विरळा. त्यावर उपाय नाहीं, आणि आगगाडीच्या चालकास रंगांची परीक्षा चुकत नाहीं. कन्या रडूं लागली, जणूं तिनेंच कांहीं अपराध केला. नातू मात्र रडला नाहीं. दोन दिवस तो जेवणापुरतें बोलला, आणि तें आम्हांस अधिक जड गेलें.

तिसऱ्या दिवशीं आम्ही त्यास घेऊन मलकापुरास गेलों. सत्तरी गांठलेल्या अण्णांपुढें आम्हीं हात जोडले व म्हणालों, “त्या वेळीं आम्ही चुकलों. तुम्ही खरें सांगत होतां.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, तुम्हीं उपदेश केला त्याचें एवढें नाहीं वाटलें. पण मलाही तें खरें वाटूं लागलें होतें; आपणच कुठें आळशी असूं, असें.” मग नातवास जवळ घेऊन त्यांनीं विचारलें, “पिकलेलं केळं कसं ओळखतोस रे?” तो म्हणाला, “दाबून.” दोघेही हंसले, आणि त्यानंतर त्यांच्या गप्पांत आम्हांस जागा उरली नाहीं.

संस्कृतांत हरि हा शब्द पिवळा व हिरवा या दोहोंसही चालतो, हें आम्ही वर्गांत मोठ्या कौतुकानें सांगत असूं. शब्दांच्या बाबतींत आम्हांस जें सहज मान्य होतें, तें एका मनुष्याच्या डोळ्यांच्या बाबतींत मान्य करावयास इतकीं वर्षें लागलीं. जेथें कळत नाहीं तेथें थांबावें, हें त्या लोखंडी हातास कळतें; आम्हांस कळलें नव्हतें.

वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या घरांतील मुलगा रंग चुकूं लागला तर त्यास रागें भरण्यापूर्वीं डोळे तपासून घ्यावे; आणि तें तो नोकरीच्या दारांत उभा राहण्याच्या पुष्कळ आधीं करावें.

सिग्नल अजून अंगणांत आहे. परतण्यापूर्वीं नातवानें त्याची तार नवी घातली आणि कप्पीस तेल दिलें. पुढें काय करावयाचें तें त्यानें अद्याप ठरविलेलें नाहीं, आणि आम्हींही विचारलेलें नाहीं.